मध्ये काय आहे ते आधी बघ

चि. सायली,

तू पाठवलेले दोन्ही शॉट पाहिले, फ्रेम थांबवून थांबवून पाहिले. रोटो फार स्वच्छ झालाय. हवालदाराच्या शिट्टीची दोरी तू जशी धरली आहेस तशी मुरलेली माणसंही धरत नाहीत. हात चांगला आहे तुझा, म्हणून बाकीचं मोकळेपणाने लिहिते.

पहिला शॉट रस्त्याचा. भर उन्हाळा, लांबून येणारा ट्रक आणि अलीकडे, कॅमेऱ्यापासून चार पावलांवर उभा असलेला हवालदार. सगळं जोडून झाल्यावर तू उन्हाची झळ दाखवायला अगदी शेवटी टर्ब्युलंट डिस्प्लेस टाकलास. त्यामुळे ट्रक थरथरतो, हवालदाराची कॉलर थरथरते आणि ग्रेनसुद्धा लाटेसारखा सरकतो. काय चुकलंय ते प्रेक्षकाला सांगता येणार नाही, पण चित्र खोटं आहे हे त्याला लगेच कळेल.

हवेचा अपवर्तनांक साधारण १.०००३. तापमान एका अंशाने वाढलं तर त्यात दहा लाखात एक भाग एवढीच घट होते. इतका बारीक फरक चार पावलांत कसा दिसणार? प्रकाश शेकडो मीटर तापलेल्या हवेतून, जमिनीलगत, तिरका येतो तेव्हा ते बारीकसं वळण साचत जातं आणि लांब भिंग ते मोठं करून दाखवतं. म्हणून झळ दूरच्या वस्तूवर दिसते, जमिनीजवळ जास्त दिसते आणि वर जाताना विरते. तुझ्या शॉटमध्ये ट्रकची चाकं सर्वांत जास्त हलायला हवीत, टप कमी आणि मागच्या झाडांचे शेंडे जवळजवळ नाहीच. हवालदार तर ठार स्थिर.

तेव्हा डिस्टॉर्शन फक्त मागच्या प्लेटवर लाव, हवालदार त्यानंतर वर ठेव. ग्रेन आधी काढून घे आणि सगळं झाल्यावर परत घाल. नॉइजचा मॅप करताना आडव्या आणि उभ्या सरकण्यासाठी दोन वेगळे नॉइज वापर. एकच वापरलास तर सगळं चित्र एकाच तिरक्या रेषेत डुलतं. तुझ्या शॉटमध्ये तेच झालंय. आफ्टर इफेक्ट्सच्या डिस्प्लेसमेंट मॅपमध्ये मधला राखाडी म्हणजे शून्य हालचाल. न्यूकच्या आयडिस्टॉर्टमध्ये शून्य म्हणजे खरोखर शून्य, त्यामुळे तिथे नॉइज शून्याच्या दोन्ही बाजूंना आणून ठेवावा लागतो, नाहीतर अख्खी प्लेट एका अंगाला सरकते. मॅप १६ बिट किंवा त्याच्या वर ठेव. ८ बिटमध्ये २५६च पायऱ्या असतात आणि ट्रकच्या कडेवर त्या दिसतात. एचडी फ्रेमला दोन-तीन पिक्सेल सरकणं पुष्कळ होतं. त्याबरोबर थोडा कमी-जास्त होणारा ब्लर दे, कारण झळ वस्तू नुसती हलवत नाही, मऊही करते.

नॉइजची चाल मात्र बघूनच ठरव. वीटभट्टीवरची किंवा होळीवरची हवा सरळ वर धावते. रस्त्यावरची झळ आडवी, चपटी असते आणि वाऱ्याबरोबर सरकते. तुझा नॉइज भट्टीचा आहे आणि रस्त्यावर बसवलाय. मे महिन्यात दुपारी रेल्वेच्या पादचारी पुलाच्या पायथ्याशी लांब भिंग लावून रुळांच्या दिशेने दहा मिनिटं शूट कर. त्यातून तुला जे मिळेल ते कुठल्याही प्रीसेटमध्ये नाही.

मृगजळ हे आणखी वेगळं प्रकरण. ट्रकखाली पाणी साचल्यासारखा चकाकणारा पट्टा हवा असेल तर डिस्प्लेसमेंटने तो येणार नाही. तिथे आकाशाची आणि ट्रकच्या खालच्या भागाची उलटी, दबलेली प्रतिमा बसवावी लागते आणि तिची वरची कड नॉइजने मोडावी लागते. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ (१९६२) मध्ये ओमर शरीफ वाळवंटातून उंटावर येतो तो शॉट काढून बघ. फ्रेडी यंग यांनी तो जॉर्डनमध्ये खूप लांब भिंगाने टिपला. त्यातलं मृगजळ खरं आहे. आकृती आधी नुसता काळा ठिपका असते, खालून तुटलेली असते आणि जवळ येते तशी जुळत जाते. तो शॉट तू फ्रेम-फ्रेम करून वहीत काढावास असं मला वाटतं.

आता विहिरीचा शॉट. कॅमेरा पाण्यात, मुलगा हातभर अंतरावर, आणि सगळी फ्रेम डुलतेय. अगं, पाण्यात शिरल्यावर पाणी डुलत नाही! पाण्याचा अपवर्तनांक १.३३ खरा, पण पाण्याच्या आत तो सगळीकडे जवळजवळ सारखाच असतो. डुलणं होतं ते पृष्ठभागापाशी, म्हणजे काठावरून आत बघताना किंवा आतून वर बघताना. अपवाद आहेत: खाडीच्या मुखाशी गोडं पाणी खाऱ्यावर तरंगतं, तिथे दोघांच्या सीमेवर सगळं तेलकट थरथरतं. विहिरीतल्या या शॉटला तो अपवाद लागू नाही.

मग पाणी दाखवायचं कशाने? अंतराने. जवळचा हात स्पष्ट, मागची जांभ्याची भिंत धूसर, तिचा कॉन्ट्रास्ट खाली आलेला. लाल रंग पहिल्या काही मीटरमध्येच मरतो, म्हणून भिंतीचा लालसरपणा खोलीनुसार काढून टाक. आणि समुद्राची निळी छटा इथे देऊ नकोस. शेवाळाच्या विहिरीत दूरचं सगळं हिरवट होतं. तरंगणारे कण तीन थरांत घाल, सगळ्यांत जवळचे मोठे आणि फोकसबाहेर. वरच्या भिंतीवर प्रकाशाची हलती जाळी, खाली जाताना पुसट होणारी.

मुलगा वर बघतो त्या क्षणी मात्र मनसोक्त डुलव. खालून वर पाहिलं की बाहेरचं सगळं आकाश सुमारे ९७ अंशांच्या शंकूत, एका गोलात मावतं आणि त्या गोलाबाहेर पृष्ठभाग आरशासारखा विहिरीचाच तळ दाखवतो. गोलाची कड सतत फाटते आणि जुळते. तुझ्या शॉटमध्ये वर नुसता पांढरा उजेड आहे. हा गोल केलास तर बाकी फारसं काही करावं लागणार नाही.

सुपरवायझर म्हणतील, “दिसत नाहीये, वाढव.” हे प्रत्येक ठिकाणी ऐकशील. वाद घालू नकोस आणि निमूट आकडाही वाढवू नकोस. रुळांचं फुटेज शेजारी लावून दाखव आणि झळ कुठे वाढवायची ते विचार. बहुतेक वेळा त्यांना जास्त हलणं नको असतं, ऊन जाणवायला हवं असतं. ते काम सावल्यांच्या आणि आकाशाच्या ग्रेडनेही होतं.

दोन्ही शॉट दुरुस्त करून पाठव, रेंडरबरोबर प्रोजेक्ट फाइलही पाठव, कारण मला मॅप बघायचे आहेत. विहिरीचा आधी कर, तो जास्त चांगला होणार आहे. ताईला नमस्कार सांग.

तुझी,
मावशी