बालवाडीत घालण्याआधी खर्चाचा हिशेब करा

जूनमध्ये मूल बालवाडीत घालायचं असेल तर आधी आपल्या वाडीतली अंगणवाडी बघून या. तिथं फी शून्य. तीन ते सहा वर्षांच्या कुठल्याही मुलाला ती खुली आहे, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. २ ऑक्टोबर १९७५ला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेची ही केंद्रं. वर्षातले ३०० दिवस मुलाला पूरक आहार द्यायचा, असा निकष आहे. जन्मदाखला, आधार आणि लसीकरणाचं कार्ड घेऊन सेविकाताईंना भेटा.

खासगी बालवाडीत महिन्याची फी विचारून थांबू नका, वर्षाचा आकडा मागा. समजा, फी महिना १,००० रुपये सांगितली. बारा महिन्यांचे १२,०००, प्रवेश फी ३,०००, गणवेशाचे दोन जोड १,५००, पुस्तकांचा संच १,२००, दहा महिन्यांची रिक्षा ८००प्रमाणे ८,०००. एकूण २५,७०० रुपये, म्हणजे महिन्याला २,१००च्या पुढे! मे महिन्याची फी घेता का, मूल मध्येच काढलं तर काय परत मिळेल, हे विचारा आणि प्रत्येक पैशाची पावती घ्या. बालवाडी खासगी शाळेला जोडलेली असेल आणि वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत असेल, तर शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के राखीव जागांसाठी तिथं अर्ज करता येतो का, हेही विचारा.

यातला पुस्तकांचा संच मला सगळ्यात जास्त खटकतो. तीन वर्षांच्या बोटांना रेघा गिरवायची घाई कशाला? नागाव, काशीद, दिवेआगर अशा आपल्या रायगडच्या किनाऱ्यावरच्या पोराला शिंपल्यांची रास द्या. लहान-मोठे वेगळे करता करता ते मोजायला शिकतं. करवंटीनं ओली वाळू मापली की कमी-जास्त कळतं. मातीचे गोळे वळले की बोटांत जोर येतो, पेन्सिल पुढं आपोआप धरली जाते. ताराबाई मोडकांनी १९४५मध्ये बोर्डीच्या किनाऱ्यावर ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, पानं हेच मुलांच्या हाती दिलं. ‘अंगणवाडी’ हे नावही त्यांच्याच कामातून आलं. चिंचोके आणि बारीक शिंपले मात्र मोठ्या माणसाच्या नजरेखालीच द्या, मुलं तोंडात घालतात.

दुसरा खटकणारा खर्च सणासमारंभांचा. २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी, मराठी भाषा गौरव दिन असतो. आमच्या नातीच्या बालवाडीत त्या दिवशी नऊवारी, नथ, अंबाडा असा भाड्याचा साज मागितला होता. पोर दिवसभर टोचतंय म्हणून रडली, आणि मराठीचा एक शब्द नवा शिकली नाही. प्रवेशाच्या वेळीच विचारा, वर्षात असे कार्यक्रम किती, वेशभूषेची सक्ती आहे का?

मराठी भाषा गौरव दिनाला खरं तर एक रुपया लागत नाही. आपल्या किनाऱ्यावर घरोघरी बोली वेगळी. आगरी, कोळी, मुरूड-श्रीवर्धनकडच्या मुस्लिम घरांतली कोकणी, आणि रेवदंड्यासमोरच्या कोर्लईत तर ख्रिस्ती घरांत पोर्तुगीजातून घडलेली नौलिंग. एखाद्या कोळीणआजीला वर्गात बोलवा. ती बोंबील, मांदेली, निवटी हातात धरून नावं सांगेल, मुलं आपापल्या घरचं नाव सांगतील. मराठी त्यातूनच वाढेल. घरच्या बोलीत बोललेल्या मुलाला जिथं हसतात किंवा दटावतात, तिथं फी कितीही कमी असो, घालू नका.

पैसे भरण्याआधी एका सकाळी अर्धा तास वर्गात बसू द्या म्हणावं. मुलं खाली बसून हातांनी काही करताना, आपसांत बोलताना दिसली, ताईंना त्यांची नावं पाठ असली आणि संडास स्वच्छ असला, तर प्रवेश घ्या. बसूच देत नसतील तर पुढची बालवाडी बघा.