जुनी गोड वाईन : कधी उघडावी, कशी द्यावी

नाताळासाठी पोर्ट वाईनची बाटली जपून ठेवणारी घरे आपल्याकडे आहेत. पण वाईन जितकी जुनी तितकी चांगली, हे सरसकट खरे नव्हे.

पोर्तुगालच्या पोर्टमध्ये द्राक्षरस आंबत असतानाच द्राक्षाचे कडक मद्य मिसळतात. त्यामुळे गोडी राहते, मद्यार्क सुमारे २० टक्के होतो आणि ती टिकते. घरच्या वाईनमध्ये मद्यार्क कमी असतो. बिदर-कलबुर्गीच्या ४० अंशांच्या उन्हाळ्यात ती आंबट होते, किंवा पुन्हा फसफसून बाटली फुटते. म्हणून ती उन्हाळ्याआधीच संपवावी.

लाकडी पिंपात मुरलेली पोर्ट बाटलीत आणखी सुधारत नाही. ती केव्हाही उघडावी. उघडल्यावर बूच घट्ट लावून थंड जागी काही आठवडे टिकते. बाटलीतच मुरणारी उंची पोर्ट मात्र वीस-वीस वर्षे ठेवतात. तिच्या तळाशी गाळ बसतो. अशी बाटली एक दिवस आधी उभी ठेवावी, दुसऱ्या दिवशी न हलवता स्वच्छ काचेच्या भांड्यात ओतावी आणि गाळ दिसताच थांबावे. ही दोन-तीन दिवसांत संपवावी.

देण्यापूर्वी बाटलीला ओले फडके गुंडाळून ती गार करावी. जेवणानंतर लहान पेल्यात ५० मिलिलिटर पुरे.

पोर्ट हे औषध नव्हे. गरोदर स्त्रिया आणि मुले यांना ती देऊ नये. बाळंतिणीला शक्ती येते म्हणून पाजू नये. मद्यार्क अंगावरच्या दुधात उतरतो. मधुमेह किंवा यकृताचा विकार असलेल्यांनीही ती टाळावी.