शिकण्यासाठी दुसऱ्याच्या शेतात
(अभ्यासलेख)



या तिमाहीचा अभ्यास चितेगावच्या तरुणांच्या वर्गात निघालेल्या एका प्रश्नावर आहे. पैठण रस्त्यावरचे हे गाव आता कारखान्यांचे झाले आहे. वर्गातील बरीच मुले कंत्राटी कामावर जातात, पण त्यांची घरे अजून शेतीवर चालतात. त्यांतल्या एका भिल्ल कुटुंबातील मुलाने कृषी पदविका केली आहे. कन्नड तालुक्यात घरची दोन एकर कोरडवाहू जमीन आहे. परदेशातील सेंद्रिय शेतांवर स्वयंसेवक म्हणून राहावे, शिकावे आणि परत येऊन आपली जमीन सुधारावी, अशी त्याची इच्छा आहे.

एका दलालाने त्याच्याकडे व्हिसासाठी दीड लाख रुपये मागितले. वडील मुकादमाकडून जास्तीची उचल घ्यायला निघाले. आई दर हंगामात ऊसतोडीला जाते. ती मला म्हणाली, "ताई, फुकटच राबायचं तर इमानाचं तिकीट कशाला? उसाला गेलं तर उचल तरी मिळती." या माउलीला नीट उत्तर देता आले, तरच आपण या मुलाला मदत करावी.

ही पद्धत काय आहे?

१९७१ साली लंडनमध्ये सेक्रेटरीची नोकरी करणाऱ्या सू कॉपर्ड या तरुणीला वाटले की, शहरातल्या माणसालाही शेतावर हात लावायला मिळावा. तिने ससेक्समधील इमर्सन कॉलेजच्या शेतावर शनिवार-रविवार काम करण्याची परवानगी मिळवली. पहिल्या खेपेला चौघे जण गेले. तीच चळवळ आज 'वूफ' या नावाने शंभराहून अधिक देशांत चालते. स्वयंसेवक दिवसाला साधारण चार ते सहा तास काम करतो. यजमान शेतकरी त्याला जेवण, राहायला जागा आणि शेतीचे शिक्षण देतो. पैशांची देवघेव होत नाही. खत कुजवणे, बी धरणे, तण काढणे, जनावरांची निगा, पाण्याची काटकसर, हे सारे करता करता शिकायचे असते.

शिकणे कोणते आणि वेठ कोणती?

आपल्या आदिवासी बांधवांना बिनमजुरीचे काम नवीन नाही. भारतीय संविधानाच्या कलम २३ने वेठबिगारीला मनाई केली आणि १९७६ साली वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा झाला, तो या दुःखामुळेच. म्हणून बिनपगारी काम शिकण्यासाठी आहे की नाही, हे तीन गोष्टींवरून तपासावे. कामाचे तास आधी ठरलेले आहेत का? यजमान सोबत राहून शिकवतो का, की फक्त काम सांगून निघून जातो? आणि पाहिजे त्या दिवशी निघून येता येते का? डोक्यावर उचल असेल, तर तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेच येते. कर्ज काढून गेलेला मुलगा वाईट यजमानाकडेही मुकाट्याने राबत राहील.

या ठिकाणी रूथचा दुसरा अध्याय पुन्हा वाचावा. परक्या देशातून आलेली ती स्त्री बवाजाच्या शेतात सरवा वेचते. तिला कोणी त्रास देऊ नये अशी ताकीद तो गड्यांना देतो, त्यांच्या घागरीतले पाणी तिला पिऊ देतो, जेवणाच्या वेळी जवळ बसवतो. शेतावर आलेल्या परक्या माणसाची जबाबदारी शेताच्या धन्यावर असते, हे यातून शिकावे.

हे ज्ञान कोठून आले?

आपल्या मुलांना वाटते की, सेंद्रिय शेती ही परदेशातली विद्या आहे. अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शास्त्रज्ञ १९०५ साली बिहारमधील पुसा येथे आले. पुढे १९२४ ते १९३१ या काळात ते इंदूरच्या संशोधन संस्थेत होते. इथल्या शेतकऱ्यांना आणि पिकांवरील किडींना त्यांनी आपले गुरू मानले. पालापाचोळा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर रचायचे, ओलावा राखायचा, ठरावीक दिवसांनी ढीग वरखाली करायचा, म्हणजे सुमारे तीन महिन्यांत खत तयार होते. ही पद्धत 'इंदूर पद्धत' म्हणून जगभर गेली. १९३१ साली तिच्यावर जे पुस्तक निघाले, त्यावर हॉवर्ड यांच्यासोबत यशवंत वाड यांचेही नाव आहे. इंग्लंडमधील सेंद्रिय चळवळीला हॉवर्ड यांच्या लिखाणाने मोठी चालना दिली. म्हणून आपला मुलगा तिकडे गेला, तर त्याने मान खाली घालून जाऊ नये. त्याच्या आजोबांच्या उकिरड्याची विद्याही त्या शेतांपर्यंत पोहोचलेली आहे.

आजही असे गुरू जवळ आहेत. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे या महादेव कोळी समाजाच्या शेतकरी भगिनी शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी गावठी बियाण्यांची बँक उभी केली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. चितेगावहून शहराकडे जाताना नक्षत्रवाडीला इन्स्टिट्यूट फॉर इंटिग्रेटेड रुरल डेव्हलपमेंट ही संस्था लागते. तिनेही सेंद्रिय शेतीचे काम केले आहे.

जायचेच असेल तर

पर्यटक व्हिसावर शेतकामाला जाऊ नये. न्यूझीलंडसारख्या देशात जेवण आणि निवाऱ्याच्या बदल्यात केलेले कामही कायद्याने कामच धरतात. पकडले गेल्यास परत पाठवणी होते आणि पुढची वाट बंद होते. ऑस्ट्रेलियाने २०२४ पासून १८ ते ३० वयाच्या भारतीयांसाठी दरवर्षी एक हजार 'वर्क अँड हॉलिडे' व्हिसांची सोय केली आहे. निवड सोडतीने होते. बारावीनंतर दोन वर्षांचे शिक्षण आणि कामापुरते इंग्रजी लागते. सोडतीत कोणताही दलाल नंबर लावून देऊ शकत नाही, हे घरोघरी सांगावे. नेपाळला जायला भारतीयांना व्हिसा लागत नाही. तिथेही स्वयंसेवक घेणारी सेंद्रिय शेते आहेत आणि तिथला डोंगरउतार आपल्या कन्नडच्या जमिनीला अधिक जवळचा आहे.

त्या घरी बसून मी हे सर्व सांगितले. वडिलांनी उचल घेतली नाही. मुलगा येता खरीप जिल्ह्यातील एका आदिवासी शेतकऱ्याच्या घरी राहून काढणार आहे, आणि सोडतीचा अर्जही स्वतः भरणार आहे. आई म्हणाली, "त्या घरच्यांनी याला जेवू घालायचं, म्हंजी त्यांच्या भाकरीत वाटेकरी." तिचे म्हणणे खरे आहे. म्हणून माझी मंडळीला विनंती आहे की, मुलाचा प्रवासखर्च उचलण्याआधी त्या यजमान कुटुंबाचा चार महिन्यांचा शिधा आपण द्यावा. ज्याच्याकडून शिकायचे, त्याच्या घरावर भार पडता कामा नये.

गटचर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीतील कोणी शेतकरी एखाद्या आदिवासी तरुणाला हंगामभर शिकवायला ठेवील का? तास, जेवण आणि शिकवणे आधी कसे ठरवाल?
२. बाहेरचे पाहुणे आदिवासी पाड्यावर शिकायला येतात, तेव्हा त्या घराला आपण काय देतो?
३. आपल्या गावात परदेशी जाण्यासाठी उचल किंवा कर्ज काढू पाहणारे कुटुंब आहे का? या महिन्यात त्यांच्या घरी कोण जाईल?