आकाशातील संदेश आणि घरावरील अँटेना : एक अभ्यासपाठ

आंबागडच्या माथ्यावरून दिवसभरात किती विमाने जातात, या प्रश्नाचे उत्तर गावातील फार थोड्यांना देता येईल. उंचावरील पांढरी रेघ सर्वांनी पाहिलेली असते. परंतु ते विमान कोठून आले, कोठे निघाले, किती उंचीवर आहे, हे मात्र ठाऊक नसते. वास्तविक आपले स्थान, उंची व वेग ही माहिती ते विमान स्वतःच प्रत्येक सेकंदाला सांगत असते. ती ऐकण्यासाठी घरावर एक वीतभर लांबीचीही नसलेली तार पुरते. आपल्या विद्यालयाचे माजी विद्यार्थी व पालक यांना आपल्या घरी मुलांसह हा प्रयोग करता यावा, या हेतूने हा पाठ लिहिला आहे.

मध्यवर्ती स्थानाचा इतिहास

नागपूर हे देशाच्या जवळजवळ मध्यभागी वसलेले शहर. या स्थानाचा लाभ स्वतंत्र भारताच्या टपाल खात्याने फार लवकर घेतला. १९४९ साली रात्रीच्या विमानटपालाची योजना सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या चार शहरांतून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत परत आपापल्या ठिकाणी पोहोचत. सोनेगावचा तो विमानतळ आज डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ या नावाने ओळखला जातो. उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम जाणारे अनेक हवाई मार्ग आजही या परिसरावरून जातात. म्हणूनच भंडारा जिल्ह्यातील तुमसर तालुक्याचे आकाश या अभ्यासासाठी अत्यंत अनुकूल आहे.

विमान बोलते का?

१२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीजवळ सौदी अरेबियाचे व कझाकस्तानचे अशी दोन विमाने आकाशात एकमेकांवर आदळली आणि ३४९ माणसे मृत्युमुखी पडली. त्या वेळी दिल्लीच्या नियंत्रकांच्या रडारवर विमानाचा ठिपका दिसे. परंतु त्याची उंची दिसत नसे. उंचीसाठी वैमानिकाच्या तोंडी सांगण्यावर अवलंबून राहावे लागे. या दुर्घटनेनंतर भारतात टक्कर टाळणारी यंत्रणा विमानांवर बंधनकारक झाली. विमानाने आपली स्थिती यंत्राद्वारे कळविणे हा माणसाच्या जिवाशी निगडित प्रश्न आहे, हे यावरून ध्यानात येते.

आजची पद्धत ‘एडीएस-बी’ या नावाने ओळखली जाते. विमान उपग्रहांच्या साहाय्याने स्वतःचे स्थान निश्चित करते आणि ते १०९० मेगाहर्ट्झ या कंपनसंख्येवर प्रसारित करते. एक संदेश ११२ बिटांचा असतो व तो १२० मायक्रोसेकंदांत संपतो. स्थान आणि वेग हे संदेश सेकंदाला साधारण दोनदा, तर विमानाची ओळख दर पाच सेकंदांनी प्रसारित होते. प्रत्येक विमानास २४ बिटांचा स्वतंत्र क्रमांक असतो. तो सोळाच्या पायावरील अंकलेखनात मांडला की भारतात नोंदलेल्या विमानांचा क्रमांक ८ या अंकाने सुरू होतो. हे संदेश गुप्त लिपीत नसतात.

उंचीचे गणित

आंबागडचा किल्ला इ.स. १७०० च्या सुमारास, देवगडच्या गोंड राजा बख्त बुलंदशहाच्या काळात बांधला गेला. टेहळणीसाठी उंच जागा का निवडतात, हे किल्ला पाहणाऱ्यास समजावून सांगावे लागत नाही. १०९० मेगाहर्ट्झच्या लहरीही नजरेप्रमाणेच जवळजवळ सरळ रेषेत जातात. डोंगर किंवा पृथ्वीची वक्रता आड आली की त्या अडतात.

सपाट प्रदेशात ही मर्यादा काढण्याची सोपी रीत आहे. उंचीचे मीटरमधील वर्गमूळ काढावे व त्यास ४.१२ ने गुणावे. उत्तर किलोमीटरमध्ये येते. विमान १०,७०० मीटर उंचीवर असेल, तर वर्गमूळ सुमारे १०३.४ आणि अंतर सुमारे ४२६ किलोमीटर. त्यात आपल्या अँटेनाचे अंतर मिळवावयाचे. अँटेना ५ मीटर उंच असल्यास ९ किलोमीटर मिळतात, १० मीटर उंच असल्यास १३. म्हणजे खांबाची उंची दुप्पट करूनही लाभ केवळ ४ किलोमीटरचा! म्हणून उंचच उंच खांबाचा हव्यास धरू नये. अँटेना घराच्या छपराच्या, शेजारच्या झाडांच्या व पाण्याच्या टाकीच्या वर आली, चहूबाजूंनी आकाश मोकळे दिसू लागले, की पुरे. प्रत्यक्षात दोन-अडीचशे किलोमीटरपर्यंतची विमाने टिपता आली तरी प्रयोग यशस्वी समजावा. तेवढ्या वर्तुळात रायपूर आणि जबलपूर दोन्ही येतात.

बांधणी

प्रकाशाचा वेग या कंपनसंख्येने भागला की लहरीची लांबी २७.५ सेंटिमीटर येते. तिचा चौथा भाग ६.९ सेंटिमीटर. तांब्याची जाड तार किंचित कमी, म्हणजे पावणेसात सेंटिमीटरच्या आसपास कापावी. चार कोपऱ्यांना भोके असलेला चौकोनी बुडाचा एन-प्रकारचा कनेक्टर घ्यावा. मधल्या टोकास एक तार उभी डाकावी. चार कोपऱ्यांना तेवढ्याच लांबीच्या चार तारा जोडून त्या ४५ अंशांत खाली वाकवाव्यात. विमानाची अँटेना उभ्या ध्रुवणाची असते, म्हणून आपली मधली तारही उभीच हवी. पूर्वी दूरदर्शनसाठी छपरावर लावत ती आडव्या दांड्यांची अँटेना येथे उपयोगाची नाही.

संदेश टिपण्यासाठी संगणकाला जोडावयाचा यूएसबी डोंगल लागतो. हे डोंगल मुळात दूरचित्रवाणीसाठी बनले. २०१२ च्या सुमारास हौशी तंत्रज्ञांनी त्यांचा असा उपयोग शोधून काढला. जुना संगणक किंवा लहानसा रास्पबेरी पाय आणि विनामूल्य मिळणारी संगणकप्रणाली एवढ्यावर काम भागते. जवळ मोबाइलचा मनोरा असल्यास त्याच्या प्रबळ लहरींनी डोंगल गोंधळतो. अशा वेळी १०९० मेगाहर्ट्झचा फिल्टर बसवावा.

खरा घात होतो तो केबलमध्ये. साध्या बारीक केबलच्या १० मीटरांत निम्म्याहून अधिक शक्ती वाया जाते. डिश टीव्हीसाठी वापरतात ती आरजी-६ केबल स्वस्त असून बरीच सरस आहे. केबल शक्य तितकी आखूड ठेवावी आणि डोंगल अँटेनाच्या जवळ आणावा. खांब उंच करून केबल लांबविणे म्हणजे एका हाताने मिळविणे व दुसऱ्या हाताने घालविणे होय.

पाऊस, वीज आणि माकडे

आपल्याकडील पावसात उघडा सांधा एका हंगामात गंजतो. सांध्यांवर पाणीरोधक टेप घट्ट गुंडाळावी. केबल घरात शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी तेथेच ठिबकेल. वानरांचा उपद्रव असेल तेथे तारा पीव्हीसी नळीत झाकाव्यात. कवेलूच्या छपरावर खांब उभारू नये. भिंतीस लोखंडी पट्ट्यांनी तो बांधावा.

विजेविषयी मात्र कोणतीही तडजोड नको. लोखंडी खांब जाड तांब्याच्या तारेने जमिनीत स्वतंत्र अर्थिंगला जोडावा. गडगडाट सुरू होण्यापूर्वीच केबल डोंगलपासून काढून घराबाहेर ठेवावी. एकदा गडगडाट सुरू झाला की केबलला हात लावू नये. जवळून विजेच्या तारा जात असतील, तर खांब पडला तरी त्यांना स्पर्श होणार नाही इतके अंतर राखावे. छपरावर जाणे हे प्रौढांचे काम आहे. मुलांनी खाली बसून मोजमाप करावे, नोंदी ठेवाव्यात.

कायद्याचेही भान हवे. १९३३ च्या बेतार तारयंत्र कायद्याने बिनतारी उपकरण जवळ बाळगण्यावर परवान्याचे बंधन घातले होते. त्याची जागा घेण्यासाठी २०२३ चा दूरसंचार कायदा करण्यात आला आहे. म्हणून उपकरण घेण्यापूर्वी दूरसंचार विभागाकडे चौकशी करावी. वैमानिक व नियंत्रक यांचे संभाषण ऐकण्याच्या मोहात पडू नये. किल्ला हा सर्वांचा वारसा आहे. त्याच्या भिंतीवर काहीही उभारू नये.

वहीतील अभ्यास

यंत्र चालू झाले म्हणजे अभ्यास संपला असे नव्हे. तो तेथून सुरू होतो. सात दिवस आठही दिशांना सर्वांत दूर दिसलेल्या विमानाचे अंतर लिहावे आणि कागदावर वर्तुळ आखून त्या खुणा जोडाव्यात. आकृती गोल येणार नाही. ज्या बाजूला सातपुड्याचे डोंगर आड येतात, तेथे ती आत दबलेली दिसेल. भूगोलाच्या पुस्तकातील डोंगर असा विद्यार्थ्याच्या स्वतःच्या आकड्यांतून उभा राहतो. वेग नॉटमध्ये मिळतो, त्यास १.८५२ ने गुणावे. ४८० नॉट म्हणजे ताशी सुमारे ८८९ किलोमीटर. दहा मिनिटांत विमान १४८ किलोमीटर पुढे गेले का, हे नकाशावर पट्टी ठेवून तपासावे. आकडे जुळले नाहीत तर कारण शोधावे: विमान वळले असेल, वेग बदलला असेल किंवा आपली पट्टी चुकली असेल.

ग्रामीण भागातील मुलास विमान दूरचे वाटते, ते तिकिटाच्या किमतीमुळे. परंतु त्याचा वेग, त्याची दिशा आणि त्यामागील गणित यांवर कोणाचीही मक्तेदारी नाही. एक तार, एक जुना संगणक आणि एक वही एवढ्या साधनांवर हे ज्ञान आपल्या अंगणात उतरते. ज्या माजी विद्यार्थ्यांस शक्य असेल, त्यांनी आपल्या गावातील एका शाळेस तरी हा संच उभारून द्यावा आणि पहिल्या सात दिवसांची नोंदवही तेथील मुलांच्याच हस्ताक्षरात लिहून घ्यावी.