फार्मसीत शिकवायचंय? मग हे आधी समजून घ्या

बारावी सायन्सनंतर चार वर्षं बी.फार्म., दोन वर्षं एम.फार्म. आणि वर पीएच.डी. मुलगी प्राध्यापक व्हायचं म्हणते, पण ती कमावणार कधी? फार्मसीच्या मुलांचे आईवडील हा प्रश्न हमखास विचारतात, आणि तो अगदी रास्त आहे.

पण या वाटेबद्दल एक मोठा गैरसमज आहे. फार्मसीत सहायक प्राध्यापक म्हणून रुजू व्हायला पीएच.डी. लागत नाही. कला-विज्ञान शाखांसारखी नेट-सेटची सक्तीही नाही. एम.फार्म. हवं आणि बी.फार्म.ला प्रथम श्रेणी हवी. म्हणून दुसऱ्या वर्षाला ‘पास झालो ना, बस’ म्हणणाऱ्या मुलाला तेव्हाच सावध करा. पीएच.डी. पुढे नोकरी सांभाळून अनेकजण करतात. प्रोफेसरपदासाठी मात्र ती लागते, शिवाय किमान 10 वर्षांचा अनुभव लागतो.

एम.फार्म.चा खर्च हलका करायचा तर जीपॅट ही प्रवेश परीक्षा गांभीर्याने घ्या. 2024 पासून ती एनबीईएमएस हे राष्ट्रीय परीक्षा मंडळ घेते, आणि बी.फार्म.च्या शेवटच्या वर्षात असतानाच ती देता येते. पात्र ठरून मान्यताप्राप्त संस्थेत प्रवेश मिळाला, तर दरमहा 12,400 रुपये शिष्यवृत्तीची सोय आहे.

स्पेशलायझेशन निवडताना बहुतेकांचा ओढा फार्मास्युटिक्सकडे असतो, कारण कंपन्यांची दारं तिथून उघडतात. शिकवायचं असेल तर माझं मत वेगळं आहे. फार्माकोलॉजी असो की फार्माकोग्नॉसी, जो विषय तुम्ही मित्राला परीक्षेच्या आदल्या रात्री न कंटाळता समजावता, तोच घ्या. पुढची तीस वर्षं तेच करायचं आहे.

हे काम म्हणजे नुसतं फळ्यासमोर उभं राहणं नव्हे. प्रॅक्टिकलला मुलांनी गोळ्या बनवल्या आहेत असं समजा. विघटन चाचणीच्या यंत्रात सहा नळ्या, प्रत्येकीत एक गोळी, पाणी 37 अंशांवर. भारतीय औषधकोशानुसार साधी, लेप नसलेली गोळी 15 मिनिटांत फुटायला हवी. इथे वीस मिनिटं झाली तरी ती तशीच्या तशी. चांगला शिक्षक उत्तर सांगून मोकळा होत नाही. बाइंडर जास्त झालं का, दाब जास्त दिला का, हे तो मुलांनाच शोधायला लावतो आणि बॅच पुन्हा करून घेतो. उद्या यांतलाच कुणी कारखान्यात क्वालिटी कंट्रोलच्या कागदावर सही करणार असतो, आणि ती गोळी कुणाच्या तरी आजीच्या पोटात जाणार असते. या पेशाची थोरवी मला इथे दिसते.

दुसरी बाजूही सांगायला हवी. फार्मसी कौन्सिलचं इन्स्पेक्शन, नॅकच्या फायली, पेपर तपासणी, प्रवेशाच्या काळातली धावपळ यांत बराच वेळ जातो. पगारात तर जमीन-अस्मानाचा फरक आहे. सातव्या वेतन आयोगानुसार सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन 57,700 रुपयांपासून सुरू होतं आणि वर भत्ते असतात. पण कित्येक विनाअनुदानित कॉलेजांत याच्या निम्म्यावरही माणसं राबतात. कराड, अमरावती, छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय महाविद्यालयांत कायम जागा एमपीएससीमार्फत भरल्या जातात. त्या थोड्या असतात आणि जाहिरातीची वाट पाहावी लागते.

म्हणून जमलं तर आधी दोन वर्षं एखाद्या औषध कंपनीत काढा. तो अनुभव वर्गात कामी येतो, आणि शिकवणं आपल्याला खरंच हवं आहे का तेही कळतं. केवळ दुसरं काही मिळालं नाही म्हणून इथे येऊ नका. त्याची किंमत साठ मुलांचा वर्ग मोजतो.

कॉलेजची ऑर्डर हातात आली की सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी विचारा: पगार स्केलने की ठोक रकमेत, नेमणुकीला विद्यापीठाची मान्यता मिळणार का, आणि पीएच.डी.साठी सवलत आहे का. पालकांनो, हे विचारायला मुलांना संकोच वाटतो. तुम्ही आग्रह धरा.