वॉरियर की पॅलाडिन: आधी सोबतीला कोण आहे ते पाहा

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिकच्या हार्डकोअर सर्व्हरवर पात्र एकदा मेलं की संपलं. ते पुन्हा उठत नाही. २०२३ मध्ये हे सर्व्हर अधिकृतपणे सुरू झाले, तेव्हापासून मी अलायन्सकडून वॉरियर आणि पॅलाडिन दोन्ही खेळलो आहे. दोघेही जवळून लढणारे, दोघेही चाळिसाव्या लेव्हलपासून प्लेट चिलखत घालणारे. साम्य जवळपास तिथेच संपतं.

वॉरियरचं सगळं रेजवर चालतं. मार दिला किंवा खाल्ला की रेज वाढतं, लढाई थांबली की ओसरतं. शत्रू आपल्यापेक्षा वरच्या लेव्हलचा असेल तर वार जास्त चुकतात. वार चुकला की रेज नाही, आणि रेज नाही तर पुढचा घाव नाही. म्हणून एकटे असाल तर एक-दोन लेव्हल खालचेच शत्रू घ्या आणि शस्त्र जुनं होऊ देऊ नका. स्वतःला बरं करणारा मंत्र या क्लासकडे नाही, त्यामुळे फर्स्ट एड पहिल्या दिवसापासून शिका.

वेस्टफॉलमध्ये मूनब्रुकच्या आसपास डिफायस पिलेजर फिरतात. ते दुरून आगीचे गोळे फेकतात आणि चिलखत फक्त शस्त्रांचा मार कमी करतं, जादूचा नाही. तिथे दोघे एकदम अंगावर आले आणि माझा वॉरियर गेला. त्याच रस्त्यावर पॅलाडिन तशाच कोंडीत सापडला, पण वाचला. डिव्हाइन प्रोटेक्शन सहाव्या लेव्हलला मिळतं. ते लावलं की काही सेकंद काहीच लागत नाही आणि तेवढ्यात होली लाइट म्हणून आयुष्य भरून घेता येतं. दहाव्या लेव्हलपासून ले ऑन हँड्सही हाताशी असतो. त्यात सगळा माना जातो आणि तासभर तो पुन्हा वापरता येत नाही, पण जीव राहतो.

मग सगळ्यांनी पॅलाडिनच घ्यावा का? मुळीच नाही, आणि इथेच लोक फसतात. पॅलाडिनची एकट्याची लढाई संथ असते: सील लावा, जजमेंट द्या, मग हातोडा आपोआप पडताना पाहत राहा. शिवाय क्लासिकमध्ये त्याच्याकडे टाँट, म्हणजे शत्रूला स्वतःकडे ओढून घेणारी क्षमता, नाही, त्यामुळे साठाव्या लेव्हलला चाळीस जणांच्या रेडमध्ये गिल्ड त्याच्याकडून बहुतेक वेळा उपचारच मागते. मोठा हातोडा फिरवायचं स्वप्न घेऊन आलेल्या माणसाला कापडी झगे घालून इतरांचे आयुष्याचे पट्टे भरत बसावं लागतं, हे मी जवळून पाहिलं आहे. वॉरियरला मात्र तिथे पुढे मार झेलणारा टँक म्हणूनही जागा असते आणि मारा करायलाही. अंधारकोठडीसाठी गट जमवतानाही सगळे आधी टँकच शोधतात.

रोज ठरलेल्या वेळी भेटणारा मित्र असेल, त्यातही तो उपचार करणारा प्रीस्ट असेल, तर बिनधास्त वॉरियर घ्या. तिसाव्या लेव्हलला व्हर्लविंड शस्त्राची क्वेस्ट करताना सायक्लोनियन या बलाढ्य शत्रूशी लढायला तसाही कोणीतरी लागतोच. रात्री उशिरा, एकटे, तासभर खेळणार असाल तर पॅलाडिन घ्या. मात्र ज्या गिल्डमध्ये जायचं तिला पहिल्याच भेटीत विचारा, की साठाव्या लेव्हलला माझ्या हातात हातोडा राहील की नाही.