भिंत हाच पडदा

विद्यार्थिमित्रहो, बर्लिनची भिंत तुम्ही इतिहासाच्या तासाला दोन तारखांत पाठ करतां. १३ ऑगस्ट १९६१ रोजीं काटेरी तारांनीं सीमा बंद झाली. ९ नोव्हेंबर १९८९ रोजीं ती खुली झाली. परंतु मधल्या अठ्ठावीस वर्षांत एकाच शहरांतील भावंडें एकमेकांस पारखीं झालीं, हें पाठांतरानें मनांत उतरत नाहीं. त्याकरितां यूर्गन ब्योटशर यांचा 'भिंत' हा १९९० सालचा माहितीपट पाहावा, असें आम्ही सुचवितों.

ब्योटशर हे चित्रकारही होते, आणि पूर्व जर्मनीच्या 'डेफा' या सरकारी चित्रसंस्थेंत माहितीपट करीत. भिंत पाडली जात असतां पॉट्सडाम चौक व ब्रांडेनबुर्ग द्वार या भागांत त्यांनीं चित्रण केलें. या चित्रपटांत निवेदक मुळींच नाहीं. आम्हांस प्रथम हें खटकलें. समजावून सांगण्याची खोड शिक्षकास असतेच! पण छिन्नी-हातोड्यांचे ठोके व यंत्रांची घरघर ऐकतां ऐकतां ध्यानांत आलें कीं, येथें आपणच पाहावयाचें आहे.

ब्योटशर यांची खरी कल्पकता पुढेंच आहे. त्यांनीं त्याच भिंतीचा पडदा केला व तीवर जुनीं चलच्चित्रें पाडलीं. कैसरच्या काळांतील लष्करी संचलन, नाझींची मशालींची मिरवणूक, आणि बेर्नाउअर रस्त्यावरील १९६१ चीं दृश्यें. त्या रस्त्याची कथा चमत्कारिक आहे. एका बाजूचीं घरें पूर्व बर्लिनांत, पण दारापुढचा पदपथ पश्चिमेंत! दारें बंद करण्यांत आलीं, तेव्हां लोकांनीं खिडक्यांतून उड्या टाकल्या. खालीं पश्चिमेकडील अग्निशामक दलाचे जवान जाळीं धरून उभे असत. कांहीं जण त्यांत दगावले. हीं चित्रें खरबरीत भिंतीवर उमटतात, तेव्हां तीं अंगावर येतात. साध्या पडद्यावर तीं जुनीं वाटलीं असतीं, असें आमचें मत आहे.

नंतर कॅमेरा पॉट्सडाम चौकाखालील बंद स्टेशनांत उतरतो. तेथून पश्चिमेकडील गाड्या जात, पण थांबत नसत, फलाट ओसाड. ३ ऑक्टोबर १९९० रोजीं दोन्ही जर्मनी एक झाले, तरी या फलाटावर उतारूंना पाय ठेवण्यास १९९२ साल उजाडावें लागलें.